वाफेचा वाक्प्रचार आणि बोरघाट

इंग्रजींत ‘लेट ऑफ स्टीम’ असा एक वाक्प्रचार आहे. कोंडलेला राग वा ताण निरुपद्रवी रीतीनें मोकळा करणें, हा त्याचा अर्थ. त्याच्या जागीं ‘तोंडाची वाफ दवडणें’ असें लिहिलें कीं अर्थ बिघडतो. आपली वाफ व्यर्थ जाते. इंग्रजांची वाफ बाहेर पडून बॉयलर वांचविते.

हा भेद नीट कळावा, तर श्रोत्यांनीं मनानें कर्जतच्या फलाटावर उभें राहावें. जवळच्या पळसदरीपासून लोणावळ्यापर्यंत सुमारें १६ मैलांत १८३१ फूट चढ. कांहीं जागीं तर ३७ फुटांस एक फूट. एवढ्या चढास वाफेचा पुरा दाब हवा. मात्र तो मर्यादेबाहेर गेला, कीं बॉयलरची झडप आपोआप उचलली जाई आणि जास्तीची वाफ फुसकारत निघून जाई. वाक्प्रचाराचें मूळ येथें आहे.

खालापूर तालुक्यांतील खोपोलीस रूळ १८५६ सालींच पोंचले होते. पुढें प्रवाशांच्या नशिबीं पालखी नाहीं तर तट्टू. त्याच वर्षीं घाटाचें काम सुरू झालें. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल. मजुरी वेळेवर न मिळाल्यानें १८५९ सालीं मजुरांचा दंगा झाला आणि त्यानें काम सोडलें. पाठोपाठ आलेला सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षीं, कांहीं आठवड्यांतच वारला. त्याच्या पत्नीनें, अ‍ॅलिसनें, कंत्राट आपल्याकडे ठेवून अभियंत्यांकरवीं तें तडीस नेलें. ही बाई आपल्या पाठ्यपुस्तकांत कां नसावी, हें कोडें आहे. एका वेळीं ४२,००० माणसें त्या कड्यांवर राबत होतीं. पटकीनें कितीक गेलीं. ता. २१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनीं मार्ग खुला केला.

त्या दंग्यास कोणी ‘वाफ सोडणें’ म्हणेल, तर मला तें मान्य नाहीं. झडप यंत्राच्या मालकानें यंत्रासाठीं बसविलेली असते. घामाचे पैसे मागणाऱ्यास तशी झडप कोणी दिली नव्हती. राजकारणांतही ही उपमा शिरली. काँग्रेस म्हणजे साम्राज्याची सुरक्षा-झडप, अशी टीका लाला लजपतराय यांनीं १९१६ सालीं ‘यंग इंडिया’ या ग्रंथांत केली.

१९२९-३० च्या सुमारास घाटांत वीज आली आणि वाफेची इंजिनें मागें पडलीं. कर्जतला मागून इंजिनें जोडण्याचा प्रघात मात्र अनेक गाड्यांच्या बाबतींत अजून चालू आहे.