मुष्टियोद्धे, सावकार आणि खिदिरपूरची गोदी

कोलकाता : कर्जवसुलीसाठी आलेल्या टोळीला दोन तरुण मुष्टियोद्धे केवळ मुठींच्या बळावर परतवून लावतात, ही ‘ब्लडहाऊंड्स’ या दक्षिण कोरियन मालिकेची मध्यवर्ती कल्पना. ९ जून २०२३ रोजी नेटफ्लिक्सवर ती आठ भागांत प्रदर्शित झाली. पडद्यावरील ही कथा सेऊल शहरात घडते. मात्र मुष्टियुद्ध, सावकारी आणि संघटित गुन्हेगारी या तीन गोष्टी एकाच शहरात जवळजवळ नांदताना पाहायच्या असतील, तर भारतात कोलकात्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. शहराच्या नैऋत्येकडील खिदिरपूर, एकबालपूर, मेटियाबुरुज आणि गार्डन रीच हा गोदीचा पट्टा त्यासाठी पाहावा लागतो.

मालिकेविषयी आधी थोडे. जोंग चान यांच्या वेबटूनवर, म्हणजे मोबाईलवर वाचल्या जाणाऱ्या चित्रकथेवर, ती आधारलेली आहे. मूळ कोरियन नावाचा अर्थ ‘शिकारी कुत्रे’ असा होतो. लेखन आणि दिग्दर्शन किम जू-ह्वान यांचे. वू दो-ह्वान यांनी साकारलेला किम गन-वू आणि ली सांग-यी यांनी साकारलेला होंग वू-जिन हे दोघेही मरीन दलातून परतलेले असून एका नवोदितांच्या स्पर्धेत परस्परांविरुद्ध लढतात आणि तेथूनच मित्र होतात. काळ करोना महासाथीचा आहे. गन-वूची आई लहानसे कॅफे चालविते. गिऱ्हाईक आटते, भाडे थकते आणि ‘स्माईल कॅपिटल’ नावाच्या कंपनीच्या कागदावर ती सही करते. पुढची वसुली दुकानाच्या मोडतोडीपर्यंत आणि मुलाच्या गालावरील वारापर्यंत जाते. खलनायक किम म्यंग-गिलची भूमिका पार्क सुंग-वूंग यांनी केली आहे. त्याच्यासमोर उभा राहणारा वृद्ध चोई हाही एकेकाळचा मोठा सावकारच. आता तो गरजू रुग्णांना बिनव्याजी पैसे देतो. वाईट सावकाराला उतारा म्हणून चांगला सावकार, ही मांडणी थोडी सोयीची आहे खरी. पण हाणामारीच्या मालिकेत कर्जाचा कागद इतक्या तपशिलाने दाखविला जातो, हीच तिची जमेची बाजू. प्रत्यक्षातही त्या देशात व्याजदर हा राजकीय प्रश्न होता. दक्षिण कोरियाने जुलै २०२१मध्ये कर्जावरील कमाल कायदेशीर व्याजदर २४ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणला.

कोलकात्याला सावकारी वसुलीची कथा नवी नाही. रवींद्रनाथ ठाकूर यांची ‘काबुलीवाला’ ही १८९२ सालची कथा बाप-लेकीच्या मायेसाठी आठवली जाते. पण रहमत तुरुंगात जातो तो थकलेल्या उधारीवरून झालेल्या चाकूहल्ल्यामुळे, हे अनेकदा विसरले जाते. अफगाणिस्तानातून आलेले हे फेरीवाले सुकामेवा आणि शालींबरोबर रोख रकमाही उसन्या देत. बँकेत पाऊल ठेवण्याची ऐपत नसलेल्या गिरणी कामगाराला, गोदीतल्या हमालाला तोच एक आधार होता आणि तोच धाकही. मराठीतील ‘पठाणी व्याज’ हा शब्दप्रयोग अशाच अनुभवातून रूढ झाला. काबुलीवाल्यांचे वंशज आजही कोलकात्यात आहेत. नाझेस अफरोझ आणि मोस्का नजीब या छायाचित्रकारांनी त्यांच्या जीवनावर केलेले काम २०१५मध्ये प्रदर्शनरूपाने लोकांसमोर आले.

कायद्याच्या इतिहासात मात्र कोलकाता आणि महाराष्ट्र यांना जोडणारा एक अनपेक्षित दुवा आहे. हिंदू धर्मशास्त्रातील दामदुप्पटीचा नियम, म्हणजे एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असता कामा नये हे बंधन, ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यात मानले गेले, तसेच कलकत्ता शहरातही मानले गेले. शहराची हद्द ओलांडून बंगालच्या मुफस्सल भागात गेल्यावर मात्र तो लागू होत नसे. गंमत अशी की, कायद्याच्या पुस्तकात ऋणकोची ढाल असलेला हा शब्द आजच्या बोलीत फसव्या गुंतवणूक योजनांचे आमिष म्हणून उरला आहे. महाराष्ट्रात १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सावकारांविरुद्ध दंगे उसळले. त्यांचा परिणाम म्हणून १८७९चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्या दंग्यांत रोष माणसांपेक्षा गहाणखतांवर आणि रोख्यांवर अधिक होता. कागद जाळले की कर्ज संपते, ही शेतकऱ्यांची समजूत भाबडी होती. पण सत्ता कोठे दडली आहे हे त्यांना अचूक कळले होते. बंगालमध्ये १९४०च्या सावकारी कायद्याने परवाना आणि व्याजाची मर्यादा आणली. महाराष्ट्रात सध्या २०१४चा सावकारी (नियमन) अधिनियम लागू आहे.

आखाड्यातून रिंगणात

बंगालमधील मुष्टियुद्धाची पाळेमुळे राजकारणात आहेत. ‘बंगाली बाबू दुबळा’ हा साहेबी शेरा पुसून काढण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी कोलकात्यात व्यायामशाळा निघाल्या. सरला देवी चौधुराणी यांनी तरुणांना लाठी आणि तलवारीचे शिक्षण देण्याचा पुढाकार घेतला. १९०२मध्ये अनुशीलन समिती स्थापन झाली. त्याच सुमारास, मराठी वंशाचे पण बंगालीत लिहिणारे सखाराम गणेश देऊस्कर यांच्या प्रयत्नांनी कोलकात्यात शिवाजी उत्सवाला प्रारंभ झाला आणि १९०६च्या उत्सवाला लोकमान्य टिळक स्वतः उपस्थित राहिले. व्यायाम आणि राष्ट्रकार्य यांची सांगड घालणारी ही लाट पुण्याइतकीच कोलकात्यातही होती.

आधुनिक मुष्टियुद्ध मात्र इंग्लंडहून आले. परेशलाल रॉय हे केंब्रिजमध्ये शिकत असताना रिंगणात उतरले आणि परतल्यावर त्यांनी बंगालमध्ये हा खेळ रुजविला. ‘भारतीय मुष्टियुद्धाचे जनक’ अशी त्यांची ओळख आहे. पहिल्या महायुद्धात दहा विमाने पाडण्याचे श्रेय मिळालेले आणि जुलै १९१८मध्ये धारातीर्थी पडलेले वैमानिक इंद्रलाल रॉय हे त्यांचे धाकटे बंधू. संघटनेच्या पातळीवर मुंबईही मागे नव्हती. मुंबई इलाखा हौशी मुष्टियुद्ध महासंघ १९२५चा, तर भारतीय हौशी मुष्टियुद्ध महासंघ १९४९चा. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५०मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर झाली. त्यापूर्वी १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे मुष्टियुद्ध पथक प्रथमच उतरले होते आणि त्यात बिनय बोस, रॉबिन भट्टा ही बंगालची नावे होती.

पुढे या खेळाचे केंद्र सैन्यदलाकडे, नंतर हरियाणातील भिवानीकडे आणि मणिपूरकडे सरकले. कोलकात्यात तो टिकला तो मुख्यतः गोदीच्या वस्तीत.

खिदिरपूर

खिदिरपूरची गोदी १८९२मध्ये सुरू झाली. त्याआधी १८५६मध्ये अवधचे पदच्युत नवाब वाजिद अली शाह मेटियाबुरुजला येऊन राहिले आणि त्यांच्यामागोमाग कारागीर, शिंपी, आचारी, वादक आले. गोदीने बिहार आणि उत्तर प्रदेशातून मजूर आणले. जहाजे आली, तसा त्यांच्याबरोबर चोरटा मालही आला. फॅन्सी मार्केटमधील परदेशी वस्तूंची ख्याती कोलकात्याबाहेरही होती. बंदर तेथे तस्करी, हे मुंबईच्या डोंगरीला ठाऊक असलेले समीकरण येथेही जुळले.

१८ मार्च १९८४ हा दिवस या भागाच्या स्मृतीतून पुसला गेलेला नाही. बंदर विभागाचे पोलीस उपायुक्त विनोद मेहता गार्डन रीचमधील तणाव निवळविण्यासाठी गेले असता जमावाने त्यांना गाठून ठार केले. त्यांचे अंगरक्षक मुख्तार अली यांचाही बळी गेला. तेव्हापासून वृत्तपत्रांत ‘गार्डन रीच’ हे नाव गुन्ह्याच्या बातमीतच अधिक येऊ लागले. सप्टेंबर २०२२मध्ये मोबाईल गेमिंग ॲपच्या फसवणुकीच्या तपासात सक्तवसुली संचालनालयाने येथील एका घरातून १७ कोटी रुपयांहून अधिक रोकड जप्त केली, तेव्हाही नोटांचे ढीग मोजणाऱ्या यंत्रांची छायाचित्रे देशभर झळकली. शिलाई यंत्रांवर दिवस काढणाऱ्या हजारो कुटुंबांची छायाचित्रे अर्थातच कोणी छापली नाहीत.

याच गल्ल्यांनी भारताला राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेतील मुष्टियुद्धाचे पहिले सुवर्णपदक दिले. २००२मध्ये मँचेस्टर येथे ४८ किलो वजनगटात मोहम्मद अली कमर याने अंतिम लढतीत यजमान इंग्लंडच्या डॅरन लँगलीवर मात केली. तोपर्यंत कोणत्याही भारतीय मुष्टियोद्ध्याला या स्पर्धेत सुवर्ण मिळाले नव्हते. त्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. २०१९मध्ये भारतीय महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी त्याची नियुक्ती झाली आणि त्याच्या कार्यकाळात, २०२१मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये लवलिना बोर्गोहाईंने ६९ किलो गटात कांस्यपदक मिळविले. विजेंदर सिंग किंवा मेरी कोम यांच्या तुलनेत कमरचे नाव महाराष्ट्रातील वाचकांना कमी परिचित आहे. नोंद व्हावयास हवी ती ही की, विजेंदरच्या बीजिंग पदकाच्या सहा वर्षे आधीचे हे यश आहे.

मुलींची कथा याहून अवघड. विसाव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्यात महिलांचे मुष्टियुद्ध सुरू झाले, तेव्हा त्यात उतरणाऱ्यांमध्ये खिदिरपूर परिसरातील मुस्लिम मुलीही होत्या. खिदिरपूर स्कूल ऑफ फिजिकल कल्चर या व्यायामशाळेत प्रशिक्षक मेहराजुद्दीन अहमद यांनी त्यांना घडविले. त्या पहिल्या पिढीतील रझिया शबनम पुढे प्रशिक्षक आणि पंच झाल्या. कालीघाटच्या वस्तीतील देहविक्रय करणाऱ्या महिलांच्या मुलींनाही त्यांनी हा खेळ शिकविला. अलका रघुराम यांच्या ‘बुरखा बॉक्सर्स’ या २०१६च्या माहितीपटाने हे जग पडद्यावर आणले. शीर्षक लक्षवेधी असले, तरी मुलींपुढील प्रमुख प्रश्न वस्त्रांचा नाही. शेजाऱ्यांचे बोलणे, लग्नाचे वय आणि नाकाला इजा झाली तर काय, ही धास्ती. त्यापलीकडे पौष्टिक आहाराचा खर्च, स्पर्धेच्या प्रवासाचे भाडे आणि रेल्वे वा पोलीस दलातील खेळाडू कोट्यातून मिळू शकणारी एखादी नोकरी. पदक हे येथे नोकरीच्या अर्जासोबत जोडावयाचे प्रमाणपत्रही असते.

मूठ आणि कायदा

मालिका पाहताना एक शंका सहज मनात येते. मुष्टियोद्ध्याने गुंडांना असे चोपले तर कायदा काय म्हणेल? रिंगणातील ठोशाला भारतीय कायद्यात संमतीचे संरक्षण आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २५मध्ये, म्हणजे जुन्या दंडसंहितेच्या कलम ८७मध्ये, मनोरंजनासाठी परस्परसंमतीने तलवारबाजी करणाऱ्या दोघांचे उदाहरणच दिलेले आहे. खेळाच्या नियमांत राहून झालेली इजा गुन्हा ठरत नाही. मात्र मृत्यू किंवा गंभीर दुखापत घडविण्याचा हेतू असेल, तर हे संरक्षण मिळत नाही. रिंगणाबाहेर संमती नसते. तेथे कलम ३४ ते ४४मधील खासगी बचावाचा अधिकार लागू होतो आणि तो बचावापुरताच आहे. हल्लेखोर पळाल्यावर त्याचा पाठलाग करून सूड घेणे त्यात बसत नाही. ‘ब्लडहाऊंड्स’मधील निम्म्याहून अधिक मारामाऱ्या भारतीय न्यायालयात या कसोटीला उतरणार नाहीत.

टोळ्यांविरुद्धच्या कायद्यांत कोलकाता अग्रेसर होते. ‘गुंडा’ हा शब्द थेट कायद्याच्या नावात आणणारा गुंडा अधिनियम बंगालमध्ये १९२३ साली झाला. त्यान्वये संशयिताला कलकत्ता व उपनगरांतून हद्दपार करता येई. महाराष्ट्रातील तडीपारी याच जातकुळीतील. या अधिनियमाचा वापर खऱ्या गुन्हेगारांप्रमाणेच बाहेरून आलेल्या, नाव-गाव सिद्ध करू न शकणाऱ्या गरीब मजुरांवरही होऊ शकत होता, हा आक्षेप अशा प्रत्येक कायद्याच्या वाट्याला येतो. बंगालीत दादागिरी करणाऱ्याला ‘मस्तान’ म्हणतात. मस्तान होण्यासाठी लागणारे बळ आखाड्यातच कमावले जाते, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९४०च्या दशकातील दंगलींच्या काळात व्यायामशाळांतील तरुण ‘मोहल्ल्याचे रक्षक’ म्हणून ओढले गेले आणि त्यांतील काही जण पुढे राजकीय पक्षांचे बाहुबली ठरले. मुष्टियुद्ध मुलांना आपोआप गुन्हेगारीपासून दूर ठेवते, असे म्हणणे म्हणूनच अर्धसत्य आहे. फरक पडतो तो प्रशिक्षकाने आणि पुढे मिळणाऱ्या कामाने.

महाराष्ट्राने १९९९मध्ये संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजे मकोका, केला. देशपातळीवर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १११मध्ये संघटित गुन्ह्याची व्याख्या आली असून त्यात खंडणी, अपहरण, सुपारी घेऊन केलेली हत्या, जमीन बळकावणे, आर्थिक गुन्हे आणि सायबर गुन्हे यांचा समावेश आहे.

वसुलीची टोळी आता दारात येतेच असे नाही. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने नोव्हेंबर २०२१मधील अहवालात सुमारे १,१०० कर्ज ॲपपैकी ६०० बेकायदा असल्याचे नमूद केले होते. ऋणकोच्या मोबाईलमधील संपर्कयादी उचलून नातेवाइकांना धमक्या देणे, छायाचित्रांत फेरफार करून बदनामी करणे, ही या वसुलीची हत्यारे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२मध्ये डिजिटल कर्जवाटपासाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यानुसार कर्जाची रक्कम थेट ऋणकोच्या बँक खात्यात जमा झाली पाहिजे आणि एकूण वार्षिक खर्चाचा दर आधी सांगितला पाहिजे. ॲपला संपर्कयादी किंवा फोनमधील फाईल्स उघडता येणार नाहीत, असेही बंधन आहे. धमकी आल्यास सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर आणि नजीकच्या पोलीस ठाण्यात तक्रार करता येते. कर्ज देणारी संस्था नोंदणीकृत आहे की नाही, हे रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ या संकेतस्थळावर तपासता येते.