साक्षीदाराचा संशय

दलित आत्मकथनांविषयी बोलताना ‘अनुभवाची दाहकता’ आणि ‘सामाजिक दस्तऐवज’ या संज्ञा आपल्या वर्गांत व प्रश्नपत्रिकांत पुरत्या रुळल्या आहेत. लिहिणाऱ्याने स्वतःकडे किती साशंकतेने पाहिले, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. आम्हांला तो कळीचा वाटतो.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, ही या लेखनाची एक महत्त्वाची भूमी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली येथे महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने नवशिक्षित पिढीला लिहिते केले. याच शहरात अध्यापन करणाऱ्या प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ साली प्रसिद्ध झाले. पोरके बालपण आणि बहिणीच्या घरचा आश्रय यांच्या या आठवणी. शीर्षकच सुचवते की, आठवण पक्ष्यासारखी येते, क्षणभर टेकते आणि उडून जाते; तिच्यावर लेखकाची मालकी नसते.

आदल्याच वर्षी, १९७८ मध्ये, दया पवारांचे ‘बलुतं’ आले होते. तेथे हा संशय रचनेतच उतरला आहे. दगडू मारुती पवार सांगतो, दया पवार ऐकतो; माणूस एकच. ज्याने भोगले तो लिहिता नव्हता, आणि जो लिहितो तो आता पूर्वीचा उरलेला नाही. मग दगडूच्या वतीने बोलण्याचा अधिकार दया पवारला कितपत? भोगलेले खरे आहे, याबद्दल येथे शंका नाही. शंका आहे ती सांगणाऱ्या ‘मी’विषयी.

‘दस्तऐवज’ या गौरवात अडचण आहे ती इथेच. साक्षीदार अडखळला की उलटतपासणी करणारा सरसावतो. म्हणून त्याला अडखळण्याची मुभा नसते. सुनीता देशपांडे यांच्या ‘आहे मनोहर तरी’मधील (१९९०) आत्मपरीक्षण आपण वाङ्मयीन गुण म्हणून शिकवतो. सोनकांबळे आणि पवार यांच्याकडून मात्र केवळ जबानी मागतो. एकाला अंतर्मन, दुसऱ्याला फक्त अनुभव, अशी ही वाटणी वाङ्मयीन नाही. ती जुन्याच उतरंडीची सावली आहे.

‘या पुस्तकातून कोणते समाजवास्तव दिसते?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर विचारावा. त्याच्याबरोबर ‘हे सांगणारा “मी” कोणता?’ हेही विचारले, तर या लेखकांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून बाहेर येता येईल.