‘गारंबीची’ म्हणताना

श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ ही कादंबरी १९५२ साली आली. दापोलीजवळच्या मुर्डीत जन्मलेल्या या लेखकाने विठोबा आणि येसोदेच्या बंडखोर मुलाची गोष्ट सांगितली आणि गारंबीचा बापू बघता बघता साऱ्या महाराष्ट्राचा झाला. तो रंगभूमीवर आला, पडद्यावरही आला. त्याच कादंबरीत चहाच्या दुकानात राधा आहे, रावजीची बायको. गाव तिच्या हातचा चहा पितो आणि तिच्याविषयी वाटेल ते बोलतो. चार दशकांनी, १९९३ साली, पेंडशांचीच आणखी एक कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचे नाव ‘गारंबीची राधा’.

गावाशी कितीही वैर धरले तरी बापू गावचाच होता. राधेच्या नावामागे ‘गारंबीची’ लागायला मात्र दुसरे पुस्तक लिहावे लागले. गाजलेली कादंबरी बाजूच्या पात्राच्या नजरेतून पुन्हा सांगणे म्हणजे काय, असे नवा वाचक विचारतो तेव्हा मी त्याला ही दोन शीर्षके शेजारी ठेवून दाखवतो. गोष्टीने ज्याला कोपरा दिला पण हक्क दिला नाही, त्याचा हक्क गोष्टीवर नोंदवणे, हे पुनर्कथनाचे काम.

जगाच्या वाङ्मयात याचे ठळक उदाहरण १९६६ चे. शार्लट ब्राँटेच्या ‘जेन एअर’मध्ये (१८४७) माळ्यावर कोंडलेली एक वेडी बायको आहे. कॅरिबियन बेटावर जन्मलेल्या जीन ऱ्हिसने ‘वाइड सारगासो सी’ लिहून तिला तिचे बालपण, तिचे बेट आणि तिचे नाव परत दिले. पण रत्नागिरीच्या माणसाला ही रीत परकी वाटू नये. आपल्या नमन या लोकनाट्यात मावशी गवळणींना घेऊन मथुरेच्या बाजाराला निघते, वाटेत कृष्ण अडवतो आणि दूध-दही विकणाऱ्या बायका देवाला चारचौघांत जाब विचारतात. कथा तीच, बोलणारी तोंडे वेगळी. वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोड्याला शिक्षक होते. तेव्हा शिरोडे रत्नागिरी जिल्ह्यातच होते. त्यांच्या ‘ययाती’त (१९५९) राजा आणि राणीबरोबर दासी झालेली शर्मिष्ठाही स्वतःच्या तोंडाने बोलते.

पुनर्कथनाच्या अभ्यासात पाऊल टाकायला जाड ग्रंथ लागत नाहीत. मूळ कादंबरी आणि दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. राधा स्वतः बोलते तिथे एका रंगाची खूण करा, लोक तिच्याबद्दल बोलतात तिथे दुसऱ्या. मग खुणा जिथे थांबतात ती जागा पाहा. गिऱ्हाईक यायच्या आधी, पहाटे, दुकानात काय चालले असेल? पाणी कुठल्या विहिरीवरून आले? तिथे तिला कोणी काय ऐकवले? उधारीच्या वहीत कोणाकोणाची नावे असतील, आणि त्यांतली किती माणसे बाहेर पडल्यावर तिला नावे ठेवत असतील? हे प्रश्न मूळ पुस्तकाच्या विरोधातले नाहीत. लेखकाने जिवंत माणूस उभा केला म्हणूनच ते सुचतात. कचकड्याच्या पात्राची पहाट कोणाला आठवत नाही.

पुढची अडचण भाषेची. राधेने सांगायचे तर कोणत्या मराठीत? कथनाची प्रमाण भाषा तिच्या तोंडी घातली तर ती उसनी वाटते. बोली घातली तर वाचक तिला पुन्हा ‘गावंढळ’ म्हणून बाजूला बसवण्याची भीती. पर्सिव्हल एव्हरेटने ‘जेम्स’मध्ये (२०२४) या पेचातून वाट काढली. मार्क ट्वेनच्या ‘हकलबेरी फिन’मधला गुलाम जिम तिथे निवेदक होतो. गोऱ्यांसमोर तो मोडकेतोडके बोलतो आणि आपल्या माणसांत सफाईदार. मालकापुढची भाषा वेगळी आणि घरातली वेगळी, हे कोकणातल्या कुळालाही ठाऊक होतेच.

कुळांचा विषय निघाला, तर याच लेखकाची ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) समोर येते. जगबुडीच्या काठावरच्या एका खोत घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची ही कहाणी. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक मांडले आणि १९४९ च्या कायद्याने खोती गेली. ज्यांनी त्या जमिनी कसल्या, भाताचा वाटा खोताच्या अंगणात नेऊन घातला, त्यांच्या अंगणातून तुंबाड कसे दिसले असते? माझ्या मते या अभ्यासाची सगळ्यांत सुपीक जमीन इथे आहे.

नवागताला एकच कळकळीची विनंती. पुनर्कथन करतानाही कोणी ना कोणी बाजूला पडतो. राधा मध्ये आली की रावजीचे काय? त्या काळच्या चहाच्या दुकानात ज्याला आत बसू देत नसत, बाहेर पायरीशी वेगळ्या कपात चहा घ्यावा लागे, त्याला राधेने कसा चहा दिला असता? तिच्यावर आपली माया जडली असली तरी हा प्रश्न तिलाही विचारावा लागेल. तो विचारण्याची ज्याची तयारी आहे त्याने या क्षेत्रात जरूर यावे. इथे त्याचे स्वागत आहे.

मुर्डी, आसूदचा रस्ता, सुपारीच्या वाड्या, व्याघ्रेश्वराचे देऊळ हे सारे जाऊन पाहता येते. बापूची गारंबी शोधत पुष्कळ वाचक तिथे गेले. तुम्ही जाल तेव्हा रस्त्याकडेच्या एखाद्या दुकानात चहा घ्या, आणि तो करणारी बाई तुमच्याकडे कशी पाहते आहे याकडे थोडे लक्ष द्या. गारंबी तिचीही आहे.