पवई तलावातले बॅक्टेरिया: खाणं बदललं की वस्ती बदलते!

मी जोगेश्वरीत राहतो. इथून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने निघालं की पवई तलाव लागतो. १८९१ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव आज पिण्यालायक नाही. शेजारचा विहार (१८६०) मात्र अजूनही मुंबईला पाणी देतो. पाऊस दोन्हीकडे तोच. फरक आहे तो पाण्यात काय येऊन मिसळतं याचा, आणि तो आधी कळतो बॅक्टेरियांना.

स्वच्छ पाण्यात कोण राहतं?
तलावाच्या १ मिलिलिटर पाण्यात साधारण १० लाख बॅक्टेरिया असतात. बहुतेक निरुपद्रवी. स्वच्छ पाण्यात खाणं कमी, म्हणून थोडक्यात भागवणारे, सावकाश वाढणारे जास्त टिकतात.

सांडपाणी आलं की काय होतं?
१. सेंद्रिय घाण वाढते. पटापट वाढणारे खादाड बॅक्टेरिया पुढे जातात आणि पाण्यातला ऑक्सिजन संपवतात.
२. फॉस्फरस, नायट्रोजन हे खतच! त्यावर जलपर्णी फोफावते आणि सायनोबॅक्टेरियांची हिरवी साय येते. त्यातले काही विष बनवतात.
३. ऑक्सिजन संपला की मासे मरतात. मग नायट्रेट, सल्फेट वापरून जगणारे बॅक्टेरिया येतात. कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो यांच्या हायड्रोजन सल्फाइडचा.

मग सांडपाणी बंद केलं की झालं?
लगेच नाही. तळाच्या गाळात साठलेला फॉस्फरस ऑक्सिजन नसताना पुन्हा पाण्यात सुटतो. म्हणून नुसती जलपर्णी काढून भागत नाही. आधी सांडपाणी थांबवायचं, मग गाळाकडे बघायचं.

हे मोजतात कसं?
'बीओडी' चाचणीत बॅक्टेरिया किती ऑक्सिजन खातात ते कळतं. आपल्याकडे ती २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस चालते. आंघोळीच्या पाण्यासाठी मर्यादा आहे लिटरला ३ मिलिग्रॅम. कोणते बॅक्टेरिया आहेत ते मात्र डीएनएवरून ओळखतात. '१६ एस' नावाचा जीन त्यांच्या बारकोडसारखा वाचला जातो.

मोबाईलवर काय दिसेल?
'कोपर्निकस ब्राउझर' ही मोफत वेबसाइट उघडा आणि पवई शोधा. सेंटिनेल-२ उपग्रहांचे साधारण दर ५ दिवसांचे फोटो मिळतात. एक पिक्सेल म्हणजे १० मीटर. पावसाळ्यात ढग आड येतात, म्हणून ऑक्टोबर ते मे बघा. हिरवा भाग जलपर्णीचा की सायीचा, हे नुसत्या फोटोवरून ठरवू नका. आणि पाणी नितळ दिसलं म्हणून पिऊही नका. बॅक्टेरिया कॅमेऱ्यात दिसत नाहीत!