इसब ‘आत जातो’ का?

तान्ह्या बाळाच्या गालावर किंवा कोपराच्या घडीत इसब उठला, की मोहल्ल्यातली एखादी बुजुर्ग बाई हमखास बजावते, “मलम लावू नका. दाबला तर आत जाईल आणि दमा होईल.” हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. अडाणीपणा म्हणून ते उडवून लावता येत नाही. त्यामागे मोठा इतिहास आहे आणि त्यात अर्धं सत्यही आहे.

सत्य हे, की लहानपणचा इसब, दमा आणि शिंकांची सर्दी हे आजार अनेकदा एकाच घरात, कधी एकाच माणसात दिसतात. चूक आहे ती त्यांच्या नात्याचा अर्थ लावण्यात.

या आजारांकडे हकिमांचं लक्ष फार पूर्वी गेलं होतं. अबू बक्र अल-राझी (सुमारे ८६५ ते ९२५) यांची एक छोटी पुस्तिका आहे. वसंतात गुलाब फुलले की अबू झैद अल-बल्खी या विद्वानाला सर्दी का होते, हा तिचा विषय. उत्तर अर्थातच त्या काळच्या वैद्यकाच्या भाषेत होतं. रक्त, कफ, पित्त आणि सौदा या चार खिल्तांचा तोल बिघडला की आजार होतो, असं ते वैद्यक ग्रीकांपासून मानत आलं होतं.

याच विचारातून त्वचेवरचं पुरळ म्हणजे शरीराने बाहेर टाकलेला खराब माद्दा, ही कल्पना रुजली. मग ती वाट बंद करणं धोक्याचं वाटणारच. युरोपातही हेच मानत. १८२८ मध्ये होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी, बाहेरून दाबलेली खाज अनेक जुनाट आजारांचं मूळ असते, असं मांडलं. व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी या समजुतीला धक्का दिला. खरूज बारीक किडीमुळे होते आणि बाहेरच्या औषधाने बरी होते, हे त्यांनी दाखवून दिलं.

पण इसबाचं कोडं उरलंच. १८९२ मध्ये पॅरिसच्या एर्नेस्ट बेनिए यांनी घराण्यात चालत येणाऱ्या या खाजेचं दमा आणि परागकणांच्या सर्दीशी असलेलं नातं नोंदवलं. १९०६ मध्ये फॉन पिर्के यांनी ‘अॅलर्जी’ हा शब्द घडवला. १९२३ मध्ये कोका आणि कुक यांनी ‘अॅटोपी’ हा शब्द आणला आणि १९३३ मध्ये वाइज व सुल्झबर्गर यांनी या इसबाला ‘अॅटोपिक डर्मटायटिस’ म्हटलं.

नात्याची दिशा मात्र अलीकडे कळू लागली. २००३ मध्ये ब्रिटनमधल्या मुलांच्या अभ्यासात, सुजलेल्या त्वचेवर शेंगदाणा तेल असलेली मलमं लावणं आणि पुढे शेंगदाण्याची अॅलर्जी होणं यांचा संबंध आढळला. २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी दाखवलं, की फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकात दोष असेल तर इसबाची शक्यता बरीच वाढते. हे प्रथिन त्वचेची भिंत घट्ट ठेवतं. भिंतीला भेगा पडल्या की धूळ, पराग आणि अन्नाचे कण आत शिरतात आणि शरीर त्यांना शत्रू समजायला शिकतं.

म्हणजे आत काही जात असेल, तर ते मलमामुळे नव्हे, उघड्या, फुटलेल्या त्वचेतून. इसब असलेल्या प्रत्येक मुलाला दमा होतो असंही नाही, आणि मलम लावलं म्हणजे दमा टळलाच अशी हमी कोणी देत नाही. पण उपचार रोखून धरल्याने बाळाचं भलं होत नाही. ते रात्रभर खाजवतं, जखमा चिघळतात, घर जागं राहतं.

स्टेरॉइडचं मलम डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच आणि तितकेच दिवस लावावं, स्वतःच्या मनाने दुकानातून आणू नये. त्वचा ओलसर ठेवणारं साधं मलम मात्र रोज लावावं. बुजुर्गांनी इसब आणि दम्याचं नातं बरोबर ओळखलं होतं. त्यांचा तेवढा मान राखून, बाळाच्या त्वचेवर औषध लावायला हरकत नसावी.