शेवाळ, मोरचूद आणि लंडनच्या गोगलगाई

आमच्या केडगावच्या बाजूला दौंड तालुक्यात खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी येतं, उसाला भरपूर खत पडतं आणि उन्हाची तर कमतरता नाहीच. पाणी, खत आणि ऊन एकत्र आलं की शेवाळ धरणारच. मग ते विहिरीत असो, हौदात असो की बैठकीतल्या माशांच्या काचपेटीत. पेटी हिरवी पडली की एक सल्ला मला इथे हमखास ऐकू येतो, ‘चिमूटभर मोरचूद टाका.’ शेतीच्या दुकानात ते सहज मिळतं आणि त्यानं शेवाळ मरतं, हेही खरं. पण या उपायाचा इतिहास पाहिला, तर तो घरच्या पेटीसाठी कधी नव्हताच, हे ध्यानात येतं.

इंग्लंडमध्ये 1845 साली काचेवरचा कर उठला आणि काच स्वस्त झाली. चार वर्षांनी लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी बारा गॅलनच्या, म्हणजे साधारण 54 लिटरच्या काचपात्रात दोन छोटे गोल्डफिश सोडले आणि व्हॅलिस्नेरिया लावली. रिबिनीसारख्या लांब पानांची ही पाणवनस्पती आपल्याकडच्या तळ्यांतही आढळते. वनस्पती आणि मासे एकमेकांना जगवतात का, हे त्यांना पाहायचं होतं. थोडे दिवस बरे गेले. मग जुनी पानं कुजू लागली, पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवा थर चढला. वॉरिंग्टन यांनी कोणतंही औषध घातलं नाही. त्यांनी पाच-सहा पाणगोगलगाई आत सोडल्या. गोगलगाईंनी कुजकी पानं आणि शेवाळ खाऊन टाकलं, पाणी निवळलं आणि गोगलगाईंची अंडी माशांचं खाद्य झाली. 1850 साली त्यांनी हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला. घरगुती मत्स्यपेटीचा पाया असा घातला गेला.

मोरचुदाची कथा अगदी निराळी. अमेरिकेच्या कृषी खात्यातले जॉर्ज मूर आणि कार्ल केलरमन यांनी 1904 साली ते पाणीपुरवठ्याच्या जलाशयांसाठी सुचवलं. प्रचंड साठ्यात, हिशेबानं, अत्यल्प प्रमाणात. पेटीत चिमटीनं ते माप साधत नाही. शिवाय तांबं गोगलगाईंना घातक. पुढे इजिप्तमध्ये रोग पसरवणाऱ्या गोगलगाई मारायला मोरचूदच वापरलं गेलं. म्हणजे जिच्या जिवावर वॉरिंग्टनची पेटी निवळली, तीच आधी मरते. झिंगे मरतात, मासे आणि नाजूक वनस्पतीही दगावू शकतात. एकदम मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागतात.

आपल्याकडेही शेवाळाचा बारकाईनं अभ्यास झाला. मुंबईत वांद्र्याच्या एका तळ्यात ऋतूंप्रमाणे शैवालं कशी बदलतात, यावर एला गोन्साल्विस आणि डी. बी. जोशी यांचा लेख 1946 साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात आला. शेवाळ आपोआप उपटत नाही; पाण्यात काय जास्त झालंय, त्याचा तो हिशेब असतो.

तेव्हा हिशेब सुधारावा. पेटी थेट उन्हात ठेवू नये. दिवा रोज सहा ते आठ तास पुरे. दोन-तीन मिनिटांत संपेल इतकंच खाद्य द्यावं, पिवळी पानं काढावीत. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावं. ब्लीचिंग घातलेलं नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून मगच घालावं. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला अशा झपाट्यानं वाढणाऱ्या वनस्पती भरपूर लावाव्यात. शेवाळाचं अन्न त्या आधीच उचलतात. काच स्पंजनं पुसावी, चार-दोन गोगलगाई असू द्याव्यात. त्या फार वाढल्या, तर खाद्य जास्त पडतंय असं समजावं.

याला दोन-तीन आठवडे लागतात. मोरचुदाला दोन दिवस पुरतात, पण ते कारण तसंच ठेवतं आणि शेवाळ पुन्हा येतं. तेव्हा मोरचूद शेतातच राहू द्यावं.