पैनगंगेचे दोन काठ

आजचा भाग हिंगोलीचा आहे, पण आधी दोन मिनिटं उत्तर युरोपात जाऊन येऊ.

स्वीडन आणि फिनलंडच्या मधे टोर्ने नदी वाहते. ती बोथनियाच्या आखाताला मिळते तिथं दोन गावं आहेत, फिनलंडचं टोर्निओ आणि स्वीडनचं हापारांडा. 1809 पर्यंत दोन्ही काठ स्वीडनचेच होते. रशियाशी झालेल्या युद्धात स्वीडन हरला, तहात नदी सीमा ठरली आणि टोर्निओ रशियाकडे गेलं. मग स्वीडननं अलीकडे हापारांडा वसवलं. दोन्ही काठांवर फिनिश बोलणारीच माणसं, पण देश दोन झाले. आजही इकडे बारा वाजले की तिकडे एक वाजतो.

आता आपल्याकडे या. आपली टोर्ने म्हणजे पैनगंगा.

हिंगोलीत निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी होती. फौज निजामाच्या नावाची, अधिकारी इंग्रज आणि खर्च निजामाचा. तो खर्च थकत गेला. शेवटी 1853 च्या तहात डलहौसीनं त्या बदल्यात वऱ्हाडाचा कारभार कंपनीकडे घेतला. म्हणजे बघा, ज्या फौजेची एक छावणी हिंगोलीत होती, तिच्याच बिलापायी हिंगोलीच्या उत्तरेला सीमा आली! 1902 मध्ये कर्झननं वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं घेतलं आणि ती रेघ पक्की झाली.

मग दोन्ही बाजूंचा कारभार वेगळा होत गेला. इकडे हाली सिक्का, तिकडे इंग्रजी रुपया. इकडे कचेरीत उर्दू, तिकडे मराठी. वाशीमच्या रस्त्यावरच्या कन्हेरगाव नाक्याच्या तर नावातच नाका आहे. पूर्ण्याहून येणारी रेल्वेसुद्धा निजामाच्या काळात हिंगोलीलाच संपायची. अकोल्याकडचा रूळ स्वातंत्र्यानंतर जोडला गेला.

1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. तरी 1956 पर्यंत हिंगोली हैदराबाद राज्यात आणि वाशीम मध्य प्रदेशात होतं. वाशीम जिल्हा 1998 चा, हिंगोली 1999 चा. 2011 च्या जनगणनेत वाशीम 11,97,160 आणि हिंगोली 11,77,345. जवळपास जुळी भावंडंच. भाषा एक, पिकं तीच, सोयरिकी नदी ओलांडून होतात.

मग सीमा संपली का? कागदावर नाही संपली. वऱ्हाडात अनेक शेतकरी घरांच्या जुन्या नोंदींत ‘कुणबी’ आहे. अलीकडे त्यांच्याच सोयऱ्यांच्या दाखल्यावर ‘मराठा’ आहे. म्हणून मामाच्या पोराला ओबीसीचा दाखला मिळतो आणि आत्याच्या पोराला मिळत नाही, असं एकाच गोतावळ्यात घडतं. 2023 मध्ये निजामकालीन कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली. 2 सप्टेंबर 2025 ला हैदराबाद गॅझेटियरवर शासन निर्णय निघाला. ओबीसी संघटनांनी त्याला विरोध केला. आरक्षण कुणाला मिळावं, हा वाद आजच्या भागाचा विषय नाही. पण त्या वादाच्या मुळाशी 1853 ची ही रेघही आहे, हे लक्षात ठेवायला हवं.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला लेगसी कोड म्हणतात. लिहिणारा कधीच निघून गेलेला असतो, सिस्टीम मात्र अजून त्यावरच चालते.

तुमच्या घरात पैनगंगेपलीकडची सोयरीक असेल, तर दोन्हीकडचे जुने दाखले, खासरापत्रकं शेजारी ठेवून बघा. काय फरक दिसतो ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.